सतरा जानेवारीचा वारा

कौको म्हणाला, साधं काम आहे.
दीपगृहाच्या जुन्या नोंदवह्या,
कुणीतरी टंकून एक्सएमएलमध्ये बसवलेल्या;
आपण त्या ऑब्जेक्टांत ओतायच्या.
हवामान खात्याला आकडे हवेत, शुक्रवारी.

मी क्लास लिहिला: नोंद.
आत तारीख, आत वारा. वारा म्हणजे पूर्णांक.
तुर्कूत तीनलाच अंधार पडला होता,
हीटरवर माझे लोकरी मोजे वाळत होते,
आणि पहिल्या दोनशे नोंदी सुतासारख्या सरळ आल्या.
चार. पाच. पाच. सात.

दोनशे एकावर सगळं थांबलं.
वारा: नैर्ऋत्य, सहा, कमी होतोय.
बरं. पूर्णांक खोडला, स्ट्रिंग लिहिली.
स्ट्रिंगमध्ये काहीही मावतं, अशी माझी समजूत.
पण पुढे रूनारने
(दीपगृहवाल्याचं नाव रूनार,
हे मला पाचशेव्या नोंदीला कळलं)
लिहिलं होतं,
आणि टंकणाऱ्या बाईने जागच्या जागी खुणा केल्या होत्या:

<वारा>सात, पण <वेळ>चारनंतर</वेळ> बारा,
आणि बोटीची <वस्तू>शिडी</वस्तू> गेली, नवी होती</वारा>

इथे घोडं पेंड खायला लागलं.
मजकुराच्या पोटात घटक, घटकामागे पुन्हा मजकूर,
वाक्याच्या मधोमध शिडी उभी.
माझ्या कोडने ती काढून घेतली
आणि उरलं ते असं:
सात, पण बारा, आणि बोटीची गेली, नवी होती.

मंगळवार यातच गेला.
बुधवारी वाऱ्याला यादी केलं.
पंगतीत जो आला तो आल्या क्रमाने बसतो तशी,
मजकूर, वेळ, मजकूर, वस्तू, मजकूर,
आणि वाढणाऱ्याने प्रत्येकाला विचारायचं, तू कोण,
मग ताट मांडायचं.
टेस्ट लिहिल्या. खुंटी हलवून बळकट केली.
ऑब्जेक्टांतून परत एक्सएमएल काढलं, मूळाशी ताडलं:
शिडी आपल्या जागी.
एवढ्यावर मी घरी जाणार होते.

एक फरक लाल दिसत होता. सतरा जानेवारी.
मुळात: <वारा/>
माझ्याकडे: काहीच नाही.

शून्य नव्हे. शून्याला रूनार लिहितो: ०, आरसा.
किनाऱ्यावर गेला असेल तर नोंदच नसते.
इथे शब्द उघडला
आणि त्याच श्वासात मिटला.

गुन्नेलला फोन केला, जिने हे टंकलं.
ती आता नागूला राहते, कानाने कमी,
मला दोनदा ओरडावं लागलं: वारा! रिकामा!
ती म्हणाली, हो, ते पान आठवतं.
वारा एवढं लिहून पेन तिथेच टेकलेलं,
लिंगनबेरीएवढा डाग.
डागासाठी खूण नव्हती मला दिलेली.
का, ते मला विचारू नकोस.
दुसऱ्या दिवशी पाच आहे.

कौको कॉफी यंत्रापाशी म्हणाला, शून्य टाक.
मी म्हटलं, शून्य म्हणजे वारा नव्हता,
तसं त्याने लिहिलेलं नाही.
मग नल टाक.
नल म्हणजे त्याने लिहिलंच नाही,
आणि लिहिलंय तर.
तो म्हणाला, हा हट्ट आहे.
असेल.
त्याने कपात दोन साखरा टाकल्या,
तो एरवी साखर घेत नाही.

मी रिकामी यादी ठेवली.
यादी आहे, यादीत कुणी नाही,
पंगत मांडलेली, पान मात्र कोरं;
आणि परत लिहिताना तिला वगळायचं नाही
असं एका ओळीत सांगितलं.
ती ओळ लिहायला चार मिनिटं लागली.
लाल हिरवं झालं. शुक्रवारी पाठवलं.

सोमवारी हवामान खात्याचं पत्र:
सर्व आकडे मिळाले, आभार.
फक्त सतरा जानेवारीचा वारा मिळाला नाही.

मिळालाय, मी कळवलं.
उघडून बघा.